दसरा ते कोजागिरी : आई-बाबांना आणि मुलांना घेऊन बायरन बेला जाण्याचे नियोजन

मुक्ता_ब्रिस्बेन :

नमस्कार. माझे आई-बाबा चिपळूणहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे ब्रिस्बेनला आले आहेत. क्वीन्सलँडच्या शाळांना सुट्टी आहे तोवर त्यांना समुद्रकाठी चार-पाच दिवस राहायला न्यावे, असे आम्ही ठरवले आहे. दसऱ्याच्या दिवशी, म्हणजे गुरुवारी २ ऑक्टोबरला, सकाळची पूजा आटोपून निघायचे आणि सोमवारी ६ तारखेला रात्री घरी परतायचे, असा विचार आहे. ठिकाण म्हणून शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्यातले बायरन बे मनात आहे, कारण गाडीने दोन तासांत पोहोचता येते आणि ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीचे अगदी पूर्वेकडचे टोक तिथेच आहे.

घरातल्या मंडळींविषयी सांगते, म्हणजे सल्ला देणे सोपे जाईल. बाबा ७४ वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. सपाटीवर ते रोज तासभर चालतात, पण पायऱ्या उतरताना त्यांना त्रास होतो. त्यांचे बालपण गुहागरला गेल्यामुळे समुद्र पाहायला मिळणार म्हटल्यावर त्यांचा उत्साह आमच्यापेक्षा जास्त आहे. आईला पोहता येत नाही, परंतु गुडघाभर पाण्यात उभे राहायला तिला फार आवडते. ती बाहेरचे फारसे खात नाही, त्यामुळे मुक्कामाच्या जागी स्वयंपाकाची सोय लागेल. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि मुलगा पाच वर्षांचा.

मुक्काम नेमका कुठे करावा, बाबांना दीपगृहापर्यंत जाता येईल का, त्या दिवसांत देवमासे दिसतात का आणि तिथले पाणी मुलांना झेपण्याजोगे आहे का, हे मला मुख्यतः जाणून घ्यायचे आहे. नुसती पाहण्याच्या ठिकाणांची यादी कुठेही मिळते. या वयाच्या माणसांना घेऊन जे प्रत्यक्ष राहून आले आहेत, त्यांचे अनुभव वाचायला मिळाले तर फार मदत होईल. आगाऊ धन्यवाद.

खाडीपलीकडे :

मुक्ताताई, मी गोल्ड कोस्टला चौदा वर्षे राहतो आणि वर्षातून दोन-तीनदा तरी त्या बाजूला जातो. मुक्काम ठरवण्याआधी तिथल्या किनाऱ्याची ठेवण समजून घ्या, कारण बाकीच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे तिच्यातूनच मिळतात.

केप बायरन हे डोंगरी टोक पूर्वेकडे समुद्रात घुसलेले आहे. त्याच्या वायव्येला जो बाक आहे तो म्हणजे बायरनचा उपसागर, आणि त्याच्या काठावर मेन बीच, क्लार्क्स, द पास आणि वॅटेगोज या पुळणी ओळीने येतात. त्यांचे तोंड साधारण उत्तरेकडे आहे, त्यामुळे दक्षिणेकडून येणारी मोठी लाट टोकाला आपटून वळते आणि आत येईपर्यंत तिचा जोर बराच कमी झालेला असतो. टोकाच्या दक्षिणेला टॅलो बीच आहे. तो थेट मोकळ्या समुद्राला सामोरा आहे, दिसायला अतिशय देखणा आहे, पण पोहण्यासाठी धोक्याचा आहे. एकाच गावात दहा मिनिटांच्या अंतरावर दोन निराळ्या स्वभावांचे समुद्र आहेत, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही आणि गर्दी टाळायची म्हणून कुटुंबे नेमकी टॅलोवर जाऊन पाण्यात उतरतात.

आता मुक्कामाचे सांगतो. तुमच्या घरची मंडळी लक्षात घेता मी बायरन गावात न राहता ब्रन्सविक हेड्सला राहीन. ते बायरनच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, नदीच्या मुखाशी वसलेले लहानसे गाव आहे. सिम्पसन खाडीवरचा लाकडी पूल ओलांडला की उजव्या हाताला झाडी आणि डाव्या हाताला नदी लागते, आणि पुढे दगडी बांधाच्या आतल्या अंगाला टोराकिना नावाची छोटी पुळण आहे. बाहेर समुद्र गरजत असला तरी बांधाच्या आत पाणी संथ असते. भरती चढू लागली की समुद्राचे स्वच्छ पाणी आत येते आणि तळाची वाळू कंबरभर पाण्यातूनही दिसते. तुमच्या मातोश्रींना गुडघाभर पाण्यात निवांत उभे राहायला आणि पाच वर्षांच्या मुलाला डुंबायला यापेक्षा चांगली जागा त्या पट्ट्यात मला माहीत नाही. मात्र ओहोटी लागली की नदीचे पाणी मुखाकडे वेगाने ओढ घेते, म्हणून तिथल्या वेळा भरती पाहूनच ठरवाव्या लागतात.

गाव सपाट आहे. वाण्याचे दुकान, औषधांचे दुकान, बेकरी आणि नदीकाठचे बाक हे सगळे तुमच्या बाबांच्या रोजच्या चालण्याच्या टप्प्यात येईल. बायरनला तुम्हाला जेव्हा वाटेल तेव्हा वीस मिनिटांत जाता येते.

निशिगंध :

वरच्या प्रतिसादातील माहिती अचूक आहे, तरीही मी बायरन गावातच राहण्याच्या बाजूने लिहिते आहे. आम्ही दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन तिथे गेलो होतो. महामार्ग सोडल्यावर गावात शिरणारा जो यूइंग्सडेल रस्ता आहे, त्यावर सुट्टीच्या दिवसांत सकाळी दहानंतर गाड्यांची रांग लागते आणि गावात शिरल्यावर गाडी उभी करायला जागा मिळत नाही. मिळालीच तर तासाप्रमाणे पैसे भरावे लागतात. रोज बाहेरून ये-जा करण्यात वडीलधारी माणसे गाडीतच थकून जातात. मेन बीचपासून चालत पाच मिनिटांवर राहिल्यामुळे सासूबाई सकाळी साडेपाचला एकट्या किनाऱ्यावर जाऊन येत, हे त्यांचे स्वातंत्र्य आम्हाला फार मोलाचे वाटले.

शिवाय मेन बीचवरून संध्याकाळही सुंदर दिसते. किनारा उत्तरेकडे तोंड करून असल्यामुळे सूर्य आतल्या डोंगरांमागे मावळताना दिसतो आणि वोलुंबिन पर्वताचा सुळका काळा उठून येतो. (याच पर्वताला माउंट वॉर्निंग असेही म्हणतात. २०२० पासून तो चढण्यासाठी बंद आहे आणि स्थानिक बंजलंग लोकांसाठी ते पवित्र स्थान आहे, म्हणून तो दुरूनच पाहावा.)

खाडीपलीकडे :

निशिगंध, तुमचा मुद्दा मान्य आहे. गावात राहायचे तर समुद्रापासून पाच मिनिटांवरच राहावे, नाहीतर त्याचा लाभ राहत नाही. अडचण इतकीच आहे की सोमवार ६ ऑक्टोबरला न्यू साउथ वेल्समध्ये कामगार दिन आणि क्वीन्सलँडमध्ये राजाचा वाढदिवस, अशी दोन्ही राज्यांत एकाच दिवशी सुट्टी आहे आणि शाळाही दोन्हीकडे बंद आहेत. इतक्या जवळच्या घराचे त्या चार रात्रींचे भाडे ब्रन्सविकच्या मानाने पुष्कळ जास्त पडेल.

घर भाड्याने घेताना आणखी एक गोष्ट तपासावी. बायरन तालुक्यात सप्टेंबर २०२४ पासून, मालक स्वतः राहत नसलेले घर पर्यटकांना वर्षात ६० दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. बायरन आणि ब्रन्सविकच्या काही ठरावीक भागांना यातून सूट आहे. घरे पर्यटकांकडे गेल्यामुळे तिथल्या शिक्षिका, परिचारिका आणि हॉटेलांतील कामगार यांना राहायला जागा मिळेनाशी झाली, म्हणून हा नियम आला, आणि माझ्या मते तो योग्य आहे. जाहिरातीत राज्य सरकारचा नोंदणी क्रमांक दिलेला असेल तरच आगाऊ रक्कम भरा. हॉटेल, मोटेल आणि नदीकाठच्या हॉलिडे पार्कमधील केबिन यांना ही मर्यादा लागू नाही. केबिनमध्ये शेगडी, फ्रिज आणि भांडी असतात, त्यामुळे तुमचा स्वयंपाकाचा प्रश्नही तिथे सुटतो.

मुक्ता_ब्रिस्बेन :

दोघांचेही मनापासून आभार. बाबांना दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. टोराकिनाचे वर्णन ऐकून त्यांनी लगेच विचारले, की तिथल्या भरतीच्या वेळा तिथीवरून काढता येतील का. त्यांच्या लहानपणी गुहागरला तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढत असत. मला याचे उत्तर देता आले नाही. आता पाण्याच्या सुरक्षिततेविषयी कोणी सांगू शकेल का?

लाटांच्या_अलीकडे :

मी गेली सहा वर्षे शनिवार-रविवारी किनारा-रक्षक स्वयंसेवक म्हणून काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर माणसे बुडण्याचे सर्वांत मोठे कारण रिप करंट हे आहे आणि आपल्याकडून आलेल्या पाहुण्यांना ते ओळखता येत नाही, कारण ती जागा दिसायला सर्वांत शांत असते. लाटा किनाऱ्याकडे पाणी आणून टाकतात आणि ते पाणी परत जाण्यासाठी वाळूच्या दोन उंचवट्यांमधला खोल मार्ग धरते. त्या पट्ट्यात पाणी खोल असल्यामुळे लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे गडद हिरवी, वरून किंचित सुरकुतलेली वाट दिसली, की ती वाट थेट समुद्रात जाते असे समजावे. पोहता न येणारा माणूस नेमका तिथे उतरतो, कारण त्याला लाटांची भीती वाटते. काठावर पोहोचल्यावर पाच मिनिटे पाण्यात न उतरता उभे राहून ही वाट मुलांना शोधायला लावा. नऊ वर्षांच्या मुलीला ती नक्की सापडेल आणि ती कधी विसरणार नाही.

किनारा-रक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचे, हा नियम मोडू नका. झेंडे नसतील तर त्या दिवशी पाण्यात उतरायचे नाही. कोणी ओढले गेलेच, तर प्रवाहाच्या विरुद्ध पोहून दमू नये. अंग तरंगत ठेवावे, हात वर करावा, आणि शक्य असेल तर किनाऱ्याला समांतर जाऊन लाटा फुटत असतील त्या बाजूला सरकावे.

ईशान्येचा वारा दोन-तीन दिवस सलग वाहिला की ब्लूबॉटल हे दंश करणारे समुद्री जीव किनाऱ्याला लागतात. पावसाळ्यात मुंबईच्या चौपाट्यांवर जे निळे फुगे दिसतात, ते याच प्रकारचे. त्यांचा धागा अंगाला लागला तर चोळू नये. समुद्राच्या पाण्याने धुऊन धागा काढावा आणि तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे साधारण ४५ अंशांच्या, वीस मिनिटे धरावा. व्हिनेगर यावर लावू नये. ते उत्तर क्वीन्सलँडमधल्या बॉक्स जेलीफिशसाठी असते. किनाऱ्यावर जाताना गरम पाण्याचा एक थर्मास जवळ ठेवला तर उपयोग होतो, पण अंगावर घालण्यापूर्वी मोठ्या माणसाने त्यात हात घालून पाहावा.

आणखी एक. मार्च २०२५ मध्ये आल्फ्रेड चक्रीवादळाने या पट्ट्यातली वाळू मोठ्या प्रमाणावर ओढून नेली आणि काही ठिकाणी टेकाड कड्यासारखे तुटले. वाळू हळूहळू परत येत असली तरी ताठ कापल्या गेलेल्या कडेखाली मुलांना खेळू देऊ नका, कारण ती अचानक ढासळते. तुमच्या वडिलांसाठीही पुळणीवर उतरण्याची वाट आधी एकाने पाहून यावी.

जुनी_पाने :

दीपगृह आणि देवमासे यांविषयी मी लिहिते, कारण तोच माझ्या आवडीचा भाग आहे.

केप बायरनचे दीपगृह १९०१ साली सुरू झाले. मनोरा २२ मीटर उंच आहे, पण तो कड्यावर उभा असल्यामुळे दिवा समुद्रसपाटीपासून ११८ मीटरवर आहे. आतले भिंग पॅरिसमध्ये बनवलेले आणि ८ टनांचे असून, रात्री दर १५ सेकंदांनी एक झोत फिरून येतो. या टोकाला कॅप्टन जेम्स कुकने १७७० मध्ये जॉन बायरन या नौदल अधिकाऱ्याचे नाव दिले. पुढे गाव आखणाऱ्यांना ते त्याच्या कवी नातवाचे वाटले, असे तिथे सांगितले जाते, आणि त्यामुळे गावात कीट्स, शेली, टेनिसन अशा कवींच्या नावांचे रस्ते आहेत. या जागेला त्याआधी हजारो वर्षे अरकवाल लोकांनी दिलेले नाव होते : गाव म्हणजे कव्हनबा, भेटण्याची जागा. बाबांना ही दोन्ही नावे सांगा.

टोकाभोवती ३.७ किलोमीटरची फेरवाट आहे, परंतु वॅटेगोजहून दीपगृहाकडे येणारा भाग पायऱ्यांचा आहे, तो त्यांच्या गुडघ्याला जमणार नाही. त्याऐवजी पहाटे गाडीने थेट वर जावे. वर गाड्यांसाठी जागा मोजकी आहे आणि सूर्योदयाला ती भरते, म्हणून साधारण पाऊण तास आधी पोहोचावे. दीपगृहाच्या पायथ्याशी सपाट फरसबंदी आणि कठडा आहे. पूर्वटोकाची पाटी खाली उतरून गेल्यावर लागते. तिथे मुलांना घेऊन तुम्ही जा आणि बाबांना वरच बसू द्या. देवमासे पाटीपेक्षा वरून अधिक चांगले दिसतात.

हंपबॅक देवमासे जून-जुलैमध्ये अंटार्क्टिकाकडून उत्तरेला जातात आणि सप्टेंबरपासून पिल्ले घेऊन परत फिरतात. परतीच्या प्रवासात माद्या पिलांना सांभाळत सावकाश आणि किनाऱ्याच्या जवळून जातात, त्यामुळे ऑक्टोबरचा पहिला आठवडा तुमच्यासाठी उत्तम आहे. बायरनमध्ये १९५४ पासून १९६२ पर्यंत देवमाशांची शिकार करणारे केंद्र होते. मारायला देवमासेच उरले नाहीत तेव्हा ते बंद पडले. पूर्व किनाऱ्यावर जेमतेम काहीशे देवमासे शिल्लक होते. आज तीच संख्या हजारोंच्या घरात गेली आहे आणि २०२२ साली ऑस्ट्रेलियाने त्यांना धोक्यातील प्राण्यांच्या यादीतून काढले. ज्या गावात कधीकाळी त्यांना जेटीवर ओढून आणत होते, तिथे आज बोटीलासुद्धा पिल्लू असलेल्या मादीपासून ३०० मीटर लांब राहावे लागते. मुलांना हे सांगून मग समुद्राकडे पाहायला बसवा.

तिठा :

वेळेचा एक घोळ आमच्याकडून झाला, तो तुमच्याकडून होऊ नये म्हणून लिहितो. क्वीन्सलँड घड्याळे पुढे करत नाही आणि न्यू साउथ वेल्स ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता ती एक तास पुढे करते. म्हणजे तुम्ही गुरुवारी सीमा ओलांडाल तेव्हा वेळ एकच असेल, आणि रविवारी, ५ तारखेला, सकाळी उठाल तेव्हा तुमच्या घरच्या वेळेपेक्षा एक तास पुढे गेलेली असेल. आम्ही अशाच एका रविवारी ब्रिस्बेनहून निघून सकाळी नऊच्या कायाक फेरीसाठी पावणेनऊला पोहोचलो. तिथे पावणेदहा वाजले होते, होड्या निघून गेल्या होत्या आणि पैसे परत मिळाले नाहीत. चूक पूर्णपणे आमचीच होती. मुलीने त्या फेरीसाठी महिनाभर दिवस मोजले होते, त्याचे मला आजही वाईट वाटते.

सीमेजवळ, ट्वीड हेड्स आणि कूलंगाटाच्या भागात, मोबाइल कधी या राज्याचा मनोरा पकडतो तर कधी त्या, आणि वेळ मागेपुढे होते. एक साधे मनगटी घड्याळ मुक्कामाच्या ठिकाणच्या वेळेला लावून ठेवा.

वैद्य_आजी :

मी निवृत्त डॉक्टर आहे आणि माझ्या मुलाकडे लिझमोरला येऊन-जाऊन असते. पाहुण्या पालकांना मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्य योजना, लागू होत नाही, म्हणून त्यांच्या आरोग्यविम्याचे कागद घरी न ठेवता सोबत न्यावेत. बायरनचे रुग्णालय महामार्गालगत यूइंग्सडेलला आहे आणि तिथे चोवीस तास तातडीची सेवा मिळते. मोठे रुग्णालय हवे असेल तर किंग्सक्लिफजवळचे ट्वीड व्हॅली रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले आहे. ऑक्टोबरमध्ये हवा सुखद असली, तरी दुपारचे ऊन कातडीला भाजते. आपली त्वचा सावळी आहे म्हणून काही होत नाही, या समजुतीवर ज्येष्ठांनी राहू नये. सकाळी दहा ते दुपारी तीन सावलीत राहावे, आणि बाबांच्या गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारी गोळी असेल तर पाणी किती प्यावे हे त्यांच्या डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे.

या भागात सीताफळांच्या बागा आहेत. इथले फळ आपल्यापेक्षा मोठे, बिया कमी आणि डोळे चपटे असतात. त्याचा मुख्य हंगाम इथल्या शरदाचा आणि हिवाळ्याचा, म्हणजे साधारण मार्च ते ऑगस्टचा असल्याने तुम्हाला शेवटची फळे मिळाली तर मिळतील. बायरनला गुरुवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो, परंतु पूजा आटोपून निघाल्यावर तो तुम्हाला सापडणार नाही. रस्त्याकडेच्या फळविक्रीच्या टपऱ्यांवर थांबा. तिथे पपनस, पपई, लहान केळी आणि मॅकाडॅमिया मिळतात; पैसे डब्यात टाकायचे असतात, म्हणून सुटी नाणी जवळ ठेवा.

मुक्ता_ब्रिस्बेन :

सर्वांचे प्रतिसाद आई-बाबांसोबत बसून वाचले आणि ब्रन्सविकमधली नदीकाठची दोन खोल्यांची केबिन घेतली आहे. निशिगंध, तुमचे गर्दीबद्दलचे म्हणणे मनात ठेवून बायरनला फक्त दोनदा जाणार आहोत, आणि दोन्ही वेळा पहाटे. निंबिन, मिन्यॉन धबधबा आणि बँगॅलोचा बाजार हे यादीतून काढून टाकले आहे. ते काढताना जिवावर आले, पण पाच दिवसांत रोज गाडी काढली तर आई-बाबांना समुद्र मिळणारच नाही. आल्यावर नक्की लिहीन.

मुक्ता_ब्रिस्बेन :

काल रात्री परत आलो. ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

दसऱ्याला शेजारच्या काकूंच्या अंगणातल्या कांचनाची पाने आईने आपट्याची म्हणून घेतली. पूजा झाल्यावर साडेनऊला निघालो आणि गोल्ड कोस्टच्या वाहतुकीमुळे ब्रन्सविकला पोहोचायला पावणेतीन तास लागले. कूकर, पोहे, मेतकूट, मुगाची डाळ आणि तांदूळ बरोबर होते. बाहेर आम्ही फक्त एकदा जेवलो.

टोराकिनाविषयी जे लिहिले होते, ते शब्दशः खरे निघाले. भरती चढताना आई लुगड्याचा ओचा खोचून पाण्यात उभी राहिली आणि तिच्या घोट्यांभोवती बोटभर लांबीचे मासे फिरू लागले. ती पाऊण तास जागची हलली नाही. धाकट्याने त्याच पाण्यात पहिल्यांदा तोंड बुडवून डोळे उघडले. ओहोटी लागताच नदीचा वेग वाढलेला आम्हाला स्पष्ट दिसला. बांधाजवळ तरंगणारी एक फांदी बघता बघता बाहेर गेली, तेव्हा आम्ही लगेच मुलांना वर घेतले. मोकळ्या समुद्रावर लेकीने दुसऱ्याच दिवशी रिपची गडद वाट शोधून दाखवली आणि नंतर रोज सकाळी ती जागा बदलली का, हे ती पाहत होती. जागा खरोखरच बदलत होती.

शनिवारी पहाटे साडेचारला उठून दीपगृहावर गेलो. पाच वाजता पोहोचलो, तेव्हा गाडीसाठी शेवटच्या तीन-चार जागा राहिल्या होत्या. बाबा कठड्याशी घडीच्या खुर्चीवर बसले. साडेपाचच्या सुमारास सूर्य समुद्रातून वर आला, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी आयुष्यभर याला समुद्रात जाताना पाहिलं. बाहेर येताना आज पाहिला." गुहागरच्या माणसाला हे इतके महत्त्वाचे असेल, याची मला कल्पना नव्हती. त्यानंतर अर्ध्या तासाने उत्तरेकडून एक मादी पिल्लासह आली. आधी दोन फवारे दिसले, एक मोठा आणि त्याच्या शेजारी एक अगदी लहान, आणि मग पिल्लाने पाठोपाठ सहा-सात उड्या मारल्या. आम्ही मुलांना घेऊन पूर्वटोकाच्या पाटीपर्यंत जाऊन आलो, तरी बाबांना ती जोडी आमच्यापेक्षा वरून जास्त वेळ दिसली.

भरतीच्या हिशेबाचेही सांगायला हवे. बाबांनी पहिल्या दिवसापासून वहीत तिथी, पाऊणपट करून आलेली वेळ आणि तक्त्यातली वेळ, असे तीन रकाने आखले. गुरुवारी आणि शुक्रवारी पाहून त्यांनी निष्कर्ष काढला, की इथली भरती कोकणच्या हिशेबापेक्षा साधारण तीन तास आधी येते, पण रोज पुढे सरकण्याची चाल तिथल्यासारखीच आहे. शनिवारची वेळ त्यांनी याच आधारावर काढली आणि ती तक्त्याशी जवळजवळ जुळली. रविवारी फरक अचानक दोन तासांवर आला. त्यांना वाटले, की आपले गणित चुकले. घड्याळे पहाटे पुढे गेली आहेत, हे तिठा यांनी लिहिलेले मी त्यांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी चौथा रकाना आखला. आणखी एक गोष्ट त्यांनी टिपली : पौर्णिमेच्या उधाणालासुद्धा इथले पाणी माणसाच्या उंचीपेक्षा फारसे जास्त चढत नाही. कोकणात उधाणाला याच्या दुप्पट फरक पडतो, असे ते म्हणाले.

सोमवारी कोजागिरी होती. केबिन सकाळी दहाला सोडली, दुपार नदीकाठच्या झाडांखाली काढली आणि संध्याकाळी सहाच्या आधी मोठ्या किनाऱ्यावर जाऊन बसलो. दूध आईने सकाळीच आटवून, केशर-वेलदोडे घालून थर्मासमध्ये भरले होते. चंद्र समुद्रातून वर आला तेव्हा अजून उजेड होता, त्यामुळे तो आधी फिका गुलाबी दिसला आणि अंधार पडत गेला तसा पाण्यावर त्याचा पट्टा उमटू लागला. दक्षिणेला केप बायरनचा दिवा सुरू झाला. मुले मोठ्याने पंधरापर्यंत अंक मोजत होती आणि दर पंधराला झोत येत होता. आईने वाटीत दूध घेऊन चंद्राला दाखवले आणि सगळ्यांना दिले.

आठला निघालो. सीमा ओलांडल्यावर तो एक तास परत मिळाला, त्यामुळे घरच्या घड्याळात सव्वानऊ वाजताच पोहोचलो आणि मुलांना दुसऱ्या दिवशी शाळेला वेळेवर जाता आले. बाबांची वही मी इथे उतरवून देऊ शकते; कोणाला हवी असल्यास कळवा.

खाडीपलीकडे :

मुक्ताताई, वही जरूर द्या. मी पुढच्या अमावास्येला टोराकिनाला जाणार आहे. बाबांच्या चौथ्या रकान्याप्रमाणे भरतीची वेळ काढून पाहतो आणि ती जुळली की नाही, ते याच धाग्यावर लिहितो.